पाण्याकाठची सुट्टी, पाण्याखालचं गाव

मंडळी, आज आपल्याला बेटावर जायचं आहे. बारामती-इंदापुरात कुठलं आलंय बेट, असं कुणी म्हणेल. पण नकाशा उघडून बघा. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी नीरा-नरसिंहपूरला एकमेकींना मिळतात. म्हणजे तीन अंगांनी पाणी. त्यात उजनीचा जलाशय इतका पसरला, की भिगवणच्या काठावर उभं राहिलं तर क्षणभर समुद्रच वाटावा. म्हणूनच आता पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवार इथे येऊन राहतात. आणि आम्हाला हमखास विचारतात, ‘दोन दिवस आहेत, नुसतं पाण्याकाठी पडून राहावं की काही बघावं?’

हा प्रश्न तसा नवा आहे. जुन्या प्रवाशाला तो पडत नव्हता. नरसिंहपूरला येणारा यात्रेकरू संगमावर डुंबायचा, नरसिंहाचं दर्शन घ्यायचा, बाजार करायचा, कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायचा. यातली सहल कुठली आणि संस्कृती कुठली, हे वेगळं काढता येणार नाही. आजही तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी अशी मुक्काम करत इंदापुरात येते, बेलवाडीला आणि इंदापुरात रिंगण होतं, तेव्हा वारकरी कुणाकडे जेवला हे त्याला पुढच्या वर्षीही आठवत असतं. पाहुणा आणि यजमान एकमेकांना नावानं ओळखतात. रिसॉर्टच्या पावतीवर ते नाव नसतं, एवढाच फरक. पण तो लहान नाही.

मग रेल्वे आली. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग काही काळ डिकसळपर्यंतच होता. पुढे सोलापूरकडे जायचं तर तिथे उतरून बैलगाडी धरायची. आज डिकसळचं नाव फक्त पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी ऐकू येतं. तिथला जुना रेल्वेपूल नंतर रस्त्याचा झाला.

खरी उलथापालथ केली ती धरणानं. उजनी १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत, माढा या तालुक्यांतली भीमाकाठची काळी जमीन गेली, गावं उठली. पळसदेव त्यातलंच. नवं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसलं, पण पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ पाण्यातच राहिलं. नांगर धरणाऱ्या कितीतरी हातांत जाळं आलं. भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लिलाव चालतो, तिथे चिलापी, मरळ, रोहू, कटला यांचे ढीग लागतात. तो बाजार म्हणजे या धरणाचा जिवंत इतिहास आहे. संग्रहालयापेक्षा तिथे जास्त कळतं, असं आमचं मत.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. पातळी त्याच्या खाली गेली की बातम्यांत ‘उजनी उणे’ असं येतं. पाणी ओसरलं की उथळ चिखल उघडा पडतो आणि त्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. त्याच गाळावर कुणी गाळपेर करतं. आणखी ओसरलं की देवळाचं शिखर दिसतं, मग सभामंडप. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी इतकी उतरली की पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं आणि बघायला गर्दी लोटली. म्हणजे पाहुण्यांचा सोहळा आणि काठच्या शेतकऱ्याचा दुष्काळ एकाच दिवशी असतो. शेतकऱ्याचा मोटारीचा पाइप कोरडा पडलेला, आणि आपण तिथेच सेल्फी काढतोय. जायला हरकत नाही. पण कशामुळे दिसतंय, हे ठाऊक असावं.

त्याच वर्षी, २१ मे रोजी, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ही सहलीची बोट नव्हती. रस्त्यानं मोठा वळसा पडतो म्हणून इकडची-तिकडची माणसं रोज अशीच पाणी ओलांडतात. धरणाआधी ही समोरासमोरची गावं होती, सोयरीक होती. ती अजून आहे, मधे पाणी आलं. तेव्हा होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि वारा उठला तर नावाडी ‘नको’ म्हणाला की हुज्जत घालू नका.

मग दोन दिवसांचं काय? आम्ही सांगतो ते असं. पहाटे कुंभारगावला किंवा डिकसळला होडीत बसा. ऊन चढलं की पक्षी लांब जातात. परतताना मासळी बाजार. दुपारी खुशाल झोपा, सुट्टी आहे. उन्हं कलली की इंदापूर: शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. कोणत्या साली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण गढी गावात आहे. दुसऱ्या दिवशी भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची घरटी, आणि मग बारामती, जिथे मोरोपंतांनी कऱ्हेकाठी बसून आर्या रचल्या. राहायला रिसॉर्टच हवं असंही नाही; बारामतीजवळ पळशीवाडीत २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू झालं, तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरी उतरायची सोय या भागात रुळली आहे.

आणि होडीत असताना नावाड्याला एवढंच विचारा, ‘दादा, तुमचं जुनं गाव कुठं होतं?’ तो पक्ष्यांची नावं सांगायचं थांबवेल आणि पाण्याकडे हात करेल. तिथून पुढचं त्याच्याकडूनच ऐका.