शाअर हशामाईम सिनेगॉग, ठाणे

बेने इस्राएल या ज्यू समाजाचे ठाण्यातील प्रार्थनामंदिर. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. स्थापना १८७९, स्थान टेंभी नाक्याजवळ.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नौगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. कोकणात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवला. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर या आडनावांत कोकणातली ती गावे अजून नांदतात. अठराव्या शतकात कुटुंबे मुंबईकडे सरकू लागली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीत शहरातले पहिले सिनेगॉग उभारले. इंग्रजी लष्करात, पुढे रेल्वे, टपाल व कस्टम खात्यांत समाजाला नोकऱ्या मिळाल्या. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली. मुंबईत नोकरी आणि ठाण्यात बिऱ्हाड हे गणित पुढे अनेकांना जमू लागले.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. त्यापूर्वी भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. आता देशभरातील सर्व ज्यू मिळून काही हजार उरले आहेत. तरीही देशातील सर्वांत मोठ्या ज्यू वस्त्यांत ठाण्याची गणना होते. भायखळ्याचे मागेन डेव्हिड (१८६४) किंवा पुण्याचे लाल देऊळ (१८६७) वास्तू म्हणून अधिक देखणे, पण नांदता समाज पाहायचा तर ठाण्यालाच यावे.

प्रार्थना हिब्रूत, एरवीचे बोलणे मराठीत. हेखल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट, परंपरेने जेरुसलेमच्या दिशेला, भारतात पश्चिमेला असते. लग्न, नवस, नवे घर अशा प्रसंगी एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वेलची एकत्र करून फळांसह ताटात मांडतात. हा विधी बेने इस्राएलांचा स्वतःचा, कोकणच्या मातीत रुजलेला. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्यांनीही तो जपला आहे. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघते.

व्यवसाय : पूर्वी सरकारी नोकरी; आता मुख्यतः खाजगी नोकऱ्या. घाणे केव्हाच बंद पडले.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झाल्यापासून ज्यू प्रार्थनास्थळांवर बंदोबस्त असतो. भेट देणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे. आत पुरुषांनी डोके झाकावे.