शेवटची पानं आहेत ना?

जालन्याकडे बेट म्हटलं की बांबूचं आठवतं. फार तर अंबड-घनसावंगीच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात उन्हाळ्यात उघडं पडतं ते. समुद्र चारेकशे किलोमीटर दूर. तरी आमच्या गल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयाचा संसार वर्षानुवर्षं चालला, तो समुद्रकाठच्या एका नावावर.

ते नाव अर्नाळ्याचं. विरारजवळचं हे गाव किनाऱ्यावर, किल्ला समोरच्या बेटावर. चंद्रकांत सखाराम चव्हाण (निधन 1996) यांनी त्यावरून टोपणनाव घेतलं आणि ते बाबूराव अर्नाळकर झाले. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. एकीकडे लोकांना चष्मे द्यायचे आणि दुसरीकडे हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून त्यांचे नंबर वाढवायचे, असा दुहेरी धंदा! खाजगी गुप्तहेर धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि विजया, काळा पहाड, दर्यासारंग ही मंडळी घराघरांत पोचली. इंग्रजीत अर्ल डेर बिगर्सने 1925 साली चार्ली चॅन या गुप्तहेराला होनोलुलूत उभं केलं. पुढे 1980 साली 'मॅग्नम' हा खाजगी गुप्तहेर टीव्हीवर त्याच हवाई बेटांत आला. आमच्या वाचकाला हवाई कशाला? सात बेटं जोडून झालेली मुंबईच त्याला पुरत होती.

17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान विलीन होईपर्यंत जालन्यात कचेरी आणि शाळेत उर्दूचा वरचष्मा. पुढे मराठी वाचन घराबाहेर पडलं. मुंबईहून पुस्तकांचा गठ्ठा मनमाडला गाडी बदलून मीटरगेजवरून जालन्यात उतरायचा. 1967 साली ग्रंथालय कायदा झाला, सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाची घडी बसली. भाड्याच्या दुकानाला कुठलं अनुदान? त्याचं अनुदान म्हणजे धनंजय. संध्याकाळी नेलेलं पुस्तक सकाळी परत येई, दुपारी दुसऱ्याच्या नावावर चढे. त्या कमाईतून कपाटात भारदस्त कादंबऱ्या यायच्या. पुढच्या फळीवर त्या आणि रहस्यकथा मागच्या फळीला. पोसणारा मागे, मिरवणारा पुढे.

पानं टिकावीत म्हणून तीन-तीन चिटुकल्या कादंबऱ्या एकत्र शिवून घेत. बाइंडर कडा कापताना कधी ओळीचं टोकही उडवायचा. शेवटची पानं तर हमखास सुटायची. खून कोणी केला हे मग नेहमीचे वाचक ओट्यावर बसून आपापसांत ठरवायचे, आणि दोन गटांचं कधी एकमत झालं नाही.

मग गोव्याचे गुरुनाथ नाईक 'कॅप्टन दीप' घेऊन आले. सुहास शिरवळकरांचे (1948–2003) मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद आले. 1 मे 1981ला जालना जिल्हा झाला. पुढे केबल आली, मग मोबाइल. रजिस्टरची पानं कोरी राहू लागली. आता वाचनालयाचं एकच कपाट उरलंय, तेही दुकानाच्या मागच्या भिंतीला.

परवा एक जुने वर्गणीदार आले. झुंजारचा एक शिवलेला खंड काढला, उलटा धरला आणि शेवटच्या पानावर तळहात ठेवून फक्त पानाचा आकडा पाहिला. खुनी कोण ते त्यांना चाळीस वर्षांपासून पाठ आहे. तरी मजकूर हाताखाली झाकलेलाच. ‘‘आहेत,’’ म्हणाले, आणि खंड पिशवीत टाकला.