नवातला एक वाटा

सरकारने शेतकऱ्याला पैसे दिले असे वाचले की मी आधी विचारतो, कोणत्या शेतकऱ्याला? ज्याची जमीन आहे त्याला, की जो ती कसतो त्याला? अमेरिकेत अर्कान्सा राज्यात पॉइनसेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच, पण बराच लहान मुलूख. 1934 साली तिथे या प्रश्नावरून घरेच्या घरे रस्त्यावर आली.

हा कापसाचा प्रदेश. 1929 मध्ये पौंडाला सोळा-सतरा सेंट मिळायचे, ते 1931 मध्ये सहाच्याही खाली गेले. रूझवेल्ट सरकारने 12 मे 1933 रोजी कायदा केला. कापूस कमी पिकवा, न पिकवल्याचे पैसे आम्ही देऊ, आणि ते पैसे गिरण्यांवर कर बसवून उभे करू. त्या वर्षीची पेरणी तोवर होऊन गेली होती, म्हणून उभ्या पिकातले सुमारे 1 कोटी एकर नांगरून टाकले. रोपावर पाय द्यायचा नाही हे जन्मभर शिकलेली खेचरे म्हणे पुढे सरकेनात.

पॉइनसेटमध्ये शेती बहुतेक अर्धेलीने चाले. जमीन, बियाणे, खेचर मालकाचे, घाम कुटुंबाचा, पीक निम्मे-निम्मे. उधारीचा हिशेबही मालकाच्याच वहीत. (आपल्या मराठीत ‘मालक’ अरबीतून आला आणि ‘कूळ’ संस्कृतातून. दोघे एकाच सातबाऱ्यावर भांडतात.)

1934-35 च्या करारातले गणित मुलांना फळ्यावर सोडवायला द्यावे असे आहे. पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे पौंडामागे साडेतीन सेंट, ते सगळे मालकाचे. वर एक सेंट भावभरपाई, त्यात अर्धा अर्धेलीवाल्याचा. साडेचार सेंटांत मालकाला चार, कसणाऱ्याला अर्धा. नऊ वाटे केले तर त्याचा एक. तोही मालकाच्या हातून यायचा, म्हणजे आधी वहीतली उधारी वळती व्हायची.

शिवाय जमीन कमी कसायची तर माणसेही कमी लागणार. करारात कुळे काढू नयेत असे कलम होते, पण ‘शक्य तितके’ हा शब्द घालून. तक्रार गेली तर चौकशी स्थानिक समितीकडे, आणि समितीत बसणारे बहुधा जमीनदारच.

जुलै 1934 मध्ये टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत अठरा माणसे जमली, अकरा गोरे आणि सात काळे. पुढाकार कपडे धुण्याच्या दुकानाचा मालक एच. एल. मिचेल आणि पेट्रोलपंपवाला क्ले ईस्ट यांचा. संघटना एक की वर्णानुसार दोन, यावर चर्चा झाली. 1919 मध्ये त्याच राज्यात एलेनला काळ्या कुळांची संघटना रक्तात बुडवली होती. ते पाहिलेल्या एका वृद्ध काळ्या शेतकऱ्याने एकीची बाजू मांडली, आणि संघटना एकच झाली. त्या काळात, त्या राज्यात, हे धाडस पैशाच्या मागणीपेक्षा मोठे होते असे मला वाटते.

वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याच्या काही वकिलांनी 1935 च्या सुरुवातीला कलमाचा अर्थ लावला: जी कुळे होती तीच ठेवली पाहिजेत. फेब्रुवारीत त्यांच्या प्रमुखासह अनेकांना नोकरीतून काढले. पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो करच रद्द केला. नंतरच्या योजनांत कुळाचा वाटा वाढला, तेव्हा कित्येक मालकांनी कुळाला रोजंदारीवर आणले. मजुराला वाटा नसतो.

आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत येतात, 2023 पासून राज्याचे आणखी 6000. नोंद पाहिली जाते ती जमिनीच्या मालकीची. बटाईने कसणाऱ्याचा करार बहुधा तोंडी, कारण 1948 च्या कूळकायद्यापासून मालक कागदावर दुसऱ्याचे नाव येऊ द्यायला भितो. बियाणे उधारीवर आणणारा मात्र तोच तोंडी करारवाला असतो.