आगरदांडा

आगरदांडा : रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातील खाडीकाठचे गाव व बंदर. राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर ते वसले असून समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी आहे. खाडी आत शिरत तळा आणि म्हसळा या तालुक्यांनाही भिडते. असा एका खाडीभोवती चार तहसील कार्यालयांचा कारभार चालतो.

या सीमा फार जुन्या नाहीत. १९४८ पर्यंत खाडीच्या मुखाचे दोन्ही तीर सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होते आणि त्याची राजधानी मुरुड होती. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले व पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण जंजिऱ्याचा मुलूख त्यात नव्हता. खाडीच्या आतल्या अंगाचा तळ्याचा भाग ब्रिटिश अमलातल्या माणगाव तालुक्यात होता. म्हणजे तेव्हाची खरी सीमा खाडीच्या आतल्या अंगाला होती, मुखाशी नव्हे. संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले. आजचे मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तीन तालुके त्याच संस्थानी मुलखाचे. काठेवाडातले जाफराबादही सिद्दीचेच होते, ते सौराष्ट्राकडे गेले. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले, आणि १९९९ मध्ये माणगावातून तळा तालुका वेगळा निघाल्यावर जिल्ह्याचे तालुके पंधरा झाले.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार राज्याची उतरंड महसुली विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडल, सजा आणि गाव अशी आहे. आगरदांड्याच्या शेतकऱ्याचा सातबारा सजाच्या तलाठ्याकडे असतो. २०२४ मध्ये या पदाला ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव मिळाले, लोक अजून तलाठीच म्हणतात. त्याच्यावर मंडल अधिकारी, मग मुरुडचे तहसीलदार, अलिबागचे प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, अलिबागचेच जिल्हाधिकारी आणि शेवटी बेलापूरच्या कोकण भवनातील विभागीय आयुक्त. दिघीकराचे कागद मात्र श्रीवर्धनच्या तहसीलदार व प्रांतांकडून फिरून त्याच जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर येतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही विकासाची साखळी याला समांतर चालते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या.

इतर खाती याच रेषा पाळतात असे नाही. विधानसभेला आगरदांडा अलिबाग मतदारसंघात, तर दिघी श्रीवर्धनमध्ये. लोकसभेला दोन्ही गावे रायगड मतदारसंघात एकत्र, आणि २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्यांच्या सोबतीला रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागरही. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला, पण गाडीची नोंदणी पेणच्या परिवहन कार्यालयात. राज्याच्या सागरी मंडळाने किनाऱ्याची वाटणी तालुक्यांऐवजी बंदरांच्या समूहांत केली असून हा भाग राजपुरी समूहात येतो. बंदराच्या कामाला हीच वाटणी सोयीची, कारण दिघी बंदराच्या गोद्या दिघी आणि आगरदांडा अशा दोन्ही तीरांवर आहेत. २००२ मध्ये खासगी विकासासाठी दिलेले हे बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे आले. एकच बंदर, तालुके दोन, उपविभागही दोन. भूसंपादन असो की रस्त्याची तक्रार, कोणत्या तीरावरचा प्रश्न आहे हे आधी पाहावे लागते.

दोन्ही गावांमधली रोजची ये-जा लाँच आणि ‘जंगल’ नावाच्या फेरीबोटीने होते. जंगलमध्ये मोटारी व दुचाक्याही चढतात. पाण्यावरून काही मिनिटांचे हे अंतर जमिनीवरून गाठायचे तर तळा-म्हसळ्याकडून मोठा वळसा पडतो. गावाला महामार्गाशी जोडणारा मुख्य रस्ता तळ्यावरून इंदापूरला जातो. रेवस-रेड्डी सागरी मार्गात या खाडीवर पूल नियोजित आहे. तो झाला तरी एका टोकाचा सातबारा मुरुडला आणि दुसऱ्या टोकाचा श्रीवर्धनलाच निघेल.