सांध्यांचा इतिहास : घरी जुळविलेला संगणक आणि घरातले जाळे



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते आपले गुरुजी विज्ञान शिकवीत असत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत खेळांसाठी जुळविलेल्या संगणकाचा विषय यावा, हे काही ज्येष्ठांना विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. तथापि आज हैदराबादेतील कितीतरी मराठी घरांत हा विषय येऊन ठेपला आहे. दहावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी सुट्या भागांची यादी करून आणते. आईवडील ती वाचतात. त्यांतला एकही शब्द ओळखीचा वाटत नाही, आणि ‘तयार संगणक का घेत नाहीस?’ असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते, म्हणून मी हा विषय निवडला.

त्या यादीत सामान्यतः आठ गोष्टी असतात : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, वीज पुरविणारा एस.एम.पी.एस., हे सारे सामावून घेणारे कॅबिनेट आणि मॉनिटर. पुष्कळदा हे भाग सात-आठ निरनिराळ्या कंपन्यांचे असतात. तरीही एका साध्या स्क्रू-ड्रायव्हरने दोन-तीन तासांत ते एकत्र येतात आणि चालू लागतात. मोटारीचे असे होत नाही. एकाचे इंजिन, दुसऱ्याचा गिअरबॉक्स आणि तिसऱ्याचा सांगाडा आणून एखाद्या गृहस्थाने अंगणात गाडी उभी केली, असे सहसा आढळत नाही. संगणकाच्या बाबतीत हे शक्य झाले ते दोन भाग जेथे मिळतात त्या सांध्यामुळे. सांध्याचे माप काय, कोणत्या पिनवर किती व्होल्ट असणार, इशारे कोणत्या क्रमाने जाणार, हे आधी ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असावे लागते. ते कोणी ठरविले आणि ते आपल्याच मुठीत ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला, हा आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

उघडे दार

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक झळकला. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने मिळे आणि गिऱ्हाइकाने घरी डाख देऊन तो जुळवावा, अशी अपेक्षा असे. म्हणजे घरगुती संगणकाचा जन्मच मुळी जुळवणीतून झाला. १९७७ साली आलेल्या ‘ॲपल टू’मध्येही जादा कार्डे बसविण्यासाठी आठ खाचा होत्या.

परंतु निर्णायक वळण आले ते १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. महाकाय यंत्रे स्वतःच घडविणाऱ्या या कंपनीला छोट्या संगणकाच्या बाजारात उतरण्याची घाई झाली होती. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या तुकडीला सुमारे वर्षभराचा अवधी मिळाला. इतक्या अल्पावधीत सर्व काही घरी घडविणे अशक्य होते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि फ्लॉपी ड्राइव्ह भारतात जन्मलेल्या सिरजंग लाल टंडन यांच्या कंपनीकडून घेतली. आत पाच खाचा ठेवल्या. आणि त्या खाचांत इतरांनी कार्डे बनवून बसवावीत म्हणून आराखड्यांसह तांत्रिक पुस्तिका विक्रीस ठेवली. बायॉस या मूळ प्रोग्रॅमची संपूर्ण संहिताही तिच्यात छापलेली होती.

छापली म्हणून ती कोणी उचलू शकत नव्हते. तिच्यावर स्वामित्वहक्क होता. येथे कॉम्पॅक या नव्या कंपनीने एक कायदेशीर युक्ती योजली. एका गटाने आयबीएमची संहिता वाचून ती काय काम करते एवढेच लिहून काढायचे, आणि ती संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी संहिता रचायची. नक्कल न करता समान वर्तन साधण्याचा हा मार्ग होता. कॉम्पॅकचा संगणक १९८३ साली बाजारात आला. १९८४ साली फीनिक्स या कंपनीने तशाच रीतीने रचलेली बायॉस कोणालाही विकत देऊ केली. तेव्हापासून ‘आयबीएमचा संगणक’ हा शब्दप्रयोग मागे पडून ‘आयबीएमशी जुळणारा संगणक’ हा रूढ झाला.

आयबीएमला हे रुचणे शक्य नव्हते. १९८७ साली तिने ‘मायक्रो चॅनेल’ नावाची नवी जोडणी आणली. तांत्रिकदृष्ट्या ती जुन्या जोडणीहून सरस होती. परंतु ती वापरायची तर परवाना घ्यावा लागे आणि मोबदला द्यावा लागे. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या कार्डांनाही सामावून घेणारी पर्यायी जोडणी जाहीर केली. ती फारशी रुळली नाही, पण मायक्रो चॅनेलही रुळले नाही. पुढे इंटेलने १९९२ मध्ये पीसीआय आणि १९९५ मध्ये मदरबोर्डचे माप व स्क्रूंच्या जागा ठरविणारे एटीएक्स हे प्रमाण दिले. आज आपली मुले जे कॅबिनेट निवडतात त्याची भोके १९९५ च्या त्या आराखड्याला धरून आहेत. चांगला सांधा बंद राहिला आणि सामान्य सांधा उघडा राहिला, तर टिकाव उघड्याचा लागतो, असा या दशकाचा निष्कर्ष मी काढतो.

एका खाचेत मराठी

हा सारा अमेरिकेतील कंपन्यांचा कलह. त्याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. त्यासाठी एका कार्डाची आठवण करून देतो. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले, आणि त्यातून ‘जिस्ट’ कार्ड घराघरांत नाही तरी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत पोचले. आयबीएमशी जुळणाऱ्या कोणत्याही संगणकाच्या मोकळ्या खाचेत ते बसवायचे. मग केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेल्या ‘इस्की’ या संकेतात ब्राह्मीकुळातील लिप्यांच्या वर्णांना समान स्थाने दिली होती. त्यामुळे मराठीत लिहिलेले नाव तेलुगू लिपीत पाहता येई. हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आयबीएमने १९८१ साली मराठीचा विचार केला असेल, असे मला वाटत नाही. तिने फक्त खाचा मोकळ्या ठेवल्या आणि त्यांचे आराखडे छापले. ज्याचा आपण विचारही केलेला नाही अशा माणसासाठी जागा ठेवणे, हे उघड्या सांध्याचे खरे कार्य होय.

खेळाने लावलेला वेग

आता खेळांकडे वळू. कचेरीच्या कामाला फार वेगवान संगणक लागत नाही. वेगाची भूक लावली ती खेळांनी. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ हे ध्वनीचे कार्ड १९८९ साली आले आणि खेळणाऱ्यांनी ते उचलून धरले. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ प्रसृत झाला. चार जण चार संगणकांवरून जाळ्यामार्फत तो एकत्र खेळू शकत, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीने जाळ्यावर इतकी गर्दी केली की काही संस्थांना त्यावर बंदी घालावी लागली. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ हे त्रिमिती चित्रांचे कार्ड आले. त्याचे काम एवढेच की पडद्यावरील असंख्य बिंदूंचे रंग एकाच वेळी गणित करून ठरवावेत. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणून या जातीच्या प्रोसेसरला जीपीयू हे नाव रूढ केले.

मुलांच्या खेळण्यासाठी केलेला हा खर्च वाया गेला का? २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील अलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारी एक प्रणाली शिकवून तयार केली आणि त्या क्षेत्रातील स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली. ती ज्यांवर शिकविली गेली ते होते बाजारात मिळणारे खेळांचे दोन ग्राफिक्स कार्ड. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेचा एक उगम तेथे आहे. हिंटन यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. खेळाचे साधन आणि ज्ञानाचे साधन यांच्यातील भिंत आपण समजतो तितकी जाड नसते.

घरातले जाळे

संगणकाच्या आतील सांध्यांप्रमाणेच बाहेरच्या सांध्यालाही इतिहास आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठाने १९७१ साली ‘अलोहा’ हे बिनतारी जाळे सुरू केले. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा त्याचा नियम. त्यावरून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्याने ‘ईथरनेट’ उभे केले. १९८० साली झेरॉक्स, इंटेल व डिजिटल या तीन कंपन्यांनी त्याचे तपशील प्रसिद्ध केले. १९८३ साली ते सार्वजनिक प्रमाण ठरले. १९९० पासून ते साध्या पीळदार तारेवरून चालू लागले. आज राउटरच्या मागे जी आठ पिनांची तार आपण ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबतो, ती याच वंशातील. १९९९ पासून वायफायने तोच व्यवहार पुन्हा हवेत नेला, आणि ‘आधी ऐका, मग बोला’ हा शिष्टाचार तेथे आजही पाळावा लागतो.

निवड कशी करावी

इतिहास सांगून झाल्यावर पालकांच्या प्रश्नाकडे येतो. निवडीची सुरुवात पडद्यापासून करावी आणि मागे यावे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. सेकंदाला साठ चित्रे हवीत, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवीत, तर फक्त सात. या गणितावरून ग्राफिक्स कार्ड ठरते, आणि त्याला शोभेल असा प्रोसेसर ठरतो. प्रोसेसरवरून मदरबोर्डचे सॉकेट, आणि मदरबोर्डवरून रॅमची पिढी. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच मुद्दामच वेगळ्या जागी ठेवलेली असते, म्हणजे चुकीची रॅम बसतच नाही. एस.एम.पी.एस.वर काटकसर करू नये, कारण तो बिघडला तर शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा रंगीत दिव्यांपेक्षा कॅबिनेटमधून हवा कशी खेळते, याची चौकशी अधिक उपयोगाची.

जाळ्याचेही तसेच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर मुंबईस असेल तर हैदराबादेहून जाऊन-येऊन सहा-सात मिलिसेकंद पुरावेत. अमेरिकेत असेल तर केवळ अंतरापोटीच शंभराहून अधिक मिलिसेकंद जातील, आणि कितीही महाग राउटर ते अंतर कमी करू शकणार नाही. जो संगणक जागचा हलत नाही त्याला तार द्यावी, वायफाय फोनसाठी ठेवावे, आणि वीज जाते अशा वस्तीत राउटरलाही छोटा यूपीएस असावा.

तयार संगणकाची बाजूही सांगितली पाहिजे. तेथे हमी एकाच कंपनीची असते आणि जुळवणीची जबाबदारी आपल्यावर येत नाही. ज्याला केवळ काम करायचे आहे त्याने तो जरूर घ्यावा.

मात्र एक गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये. भारत १९९७ साली जागतिक माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला, त्यातील वस्तूंवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, आपल्या सिकंदराबादेत चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुळवणी करणाऱ्या दुकानांच्या रांगा गजबजल्या. मध्यमवर्गीय घरांतील कितीतरी पहिले संगणक अशाच दुकानांतून आले. आता उलटा प्रवाह दिसतो. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची डाखलेली असते. ॲपलने २०२० पासून आपल्या नव्या प्रोसेसरच्याच आवरणात ती ठेवली. याने वेग वाढतो आणि वीज वाचते, हे खरे. पण चार वर्षांनी अधिक रॅम हवी झाली, तर संपूर्ण यंत्र बदलण्यावाचून उपाय राहत नाही. १९८७ साली सांधा परवान्याने बंद होत होता. आता तो डाखाने बंद होतो. २०२२ साली केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती याच चिंतेतून.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. पालकांनी मुलांच्या हातची यादी लगेच बाजूला ठेवू नये. प्रत्येक भागापुढे ‘हाच का?’ असे विचारावे आणि उत्तर पटेपर्यंत पैसे देऊ नयेत. आणि शाळेने प्रयोगशाळेतील एक जुना संगणक विद्यार्थ्यांना उघडून पुन्हा जुळविण्यासाठी राखून ठेवावा. विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींच्या स्मृतीस ते शोभेल, असे मला वाटते.