विल्यम कॅरे : जोडे शिवणारा धर्मोपदेशक

कलकत्त्याजवळ बराकपूर येथें गव्हर्नर-जनरलच्या घरीं एकदां मेजवानी चालली होती. पाहुण्यांत फोर्ट विल्यम कॉलेजांतील देशी भाषांचा अध्यापक विल्यम कॅरे हाही होता. एका लष्करी अधिकाऱ्यानें कॅरेच्या कानीं जाईल अशा बेतानें शेजाऱ्यास विचारलें, हा गृहस्थ पूर्वीं जोडे करीत असे ना? कॅरे पुढें झाला आणि शांतपणें म्हणाला कीं, जोडे करण्याइतकी माझी योग्यता नव्हती. मी फाटके जोडे सांधीत असें. ही आख्यायिका कॅरेच्या चरित्रकारांनीं आवडीनें सांगितली आहे, आणि ती त्या माणसाला शोभते यांत शंका नाहीं.

महाराष्ट्राला अशा माणसाचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे गोरा कुंभार, सांवता माळी, नरहरी सोनार, नामदेव शिंपी यांनीं आपापला धंदा करीत असतांनाच देवाचें नांव लोकांना सांगितलें. कॅरेची आठवण आपण ठेवावी याला मात्र आणखी एक कारण आहे. हा इंग्रज आयुष्यांत कधीं महाराष्ट्रांत आला नाहीं. तरीपण मराठी भाषेचें व्याकरण, कोश आणि छापील ग्रंथ यांच्या इतिहासांत त्याचें नांव टाळतां येत नाहीं.

कॅरेचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजीं इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टन परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. बाप विणकर होता. पुढें तो गांवचा शाळामास्तर झाला. मुलाला उन्हाचा त्रास होई, म्हणून शेतीचें काम त्याला मानवेना. तेव्हां चौदाव्या वर्षीं त्याला पिडिंग्टन येथें जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवलें. त्या दुकानांत कांहीं पुस्तकें होतीं. त्यांतल्या एका बायबलवरील टीकेंत त्याला अनोळखी अक्षरें दिसलीं. तीं ग्रीक आहेत असें कळतांच त्यानें तीं उतरून काढलीं, आणि गांवांत एक शिकलेला पण नशिबानें खालीं आलेला विणकर होता त्याच्याकडून अर्थ विचारून घेतला. भाषा शिकण्याची त्याची ही पहिली शाळा.

पुढें तो बॅप्टिस्ट पंथांत शिरला आणि 1785 पासून मोल्टन गांवीं उपदेशकाचें काम करूं लागला. उपदेशकाच्या वेतनावर घर चालेना, म्हणून दिवसा मुलांना शिकवावें, जोडे शिवावे आणि रविवारीं उपदेश करावा असा त्याचा क्रम होता. कामाच्या जागेसमोर त्यानें कागद चिकटवून हातानें काढलेला जगाचा मोठा नकाशा लावला होता. त्यावर देशोदेशींची लोकसंख्या, धर्म वगैरे माहिती मिळेल तशी तो लिहून ठेवी. कॅप्टन कुकच्या सफरींचें वर्णन त्यानें वाचलेलें होतें. हातांत आरी चालू असतांना डोळे त्या नकाशावर असत. या चिंतनांतून 1792 सालीं त्याचा एक छोटा निबंध निघाला, आणि त्याच वर्षीं 2 ऑक्टोबरला केटरिंग येथें एका विधवेच्या घरीं बारा-चौदा मंडळींनीं परदेशीं उपदेशक पाठविणारी संस्था स्थापिली. पहिली वर्गणी जमली ती 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स!

येथवरची गोष्ट उत्साहाची आहे. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कॅरेची पत्नी डॉरथी ही खेड्यांतली साधी बाई. 1781 सालीं लग्नाच्या नोंदवहींत सहीच्या ठिकाणीं तिनें नुसती खूण केली, कारण तिला लिहितां येत नव्हतें. समुद्रापलीकडे जाण्यास तिनें साफ नकार दिला होता. जहाजाच्या अडचणीनें प्रयाण लांबलें नसतें, तर कॅरे तिला सोडून थोरल्या मुलासह निघून गेला असता. शेवटीं पुष्कळ आग्रहानंतर, धाकटी बहीण बरोबर येत असेल तर येतें, असें ती म्हणाली. तान्हें मूल कडेवर घेऊन तिनें पांच महिन्यांचा प्रवास केला आणि नोव्हेंबर 1793 मध्यें मंडळी बंगालला पोहोंचली. आरंभीं हातांत पैसा नाहीं, राहण्यास धड घर नाहीं, घरांत आजार. पुढें मालदा भागांत नीळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली, पण 1794 मध्यें पांच वर्षांचा पीटर आमांशानें गेला. त्यानंतर डॉरथीच्या मनाचा तोल सुटला तो पुन्हा सांवरला नाहीं. 1807 मध्यें ती वारली, तोंवर सुमारें बारा वर्षें, शेजारच्या खोलींत तिचा आक्रोश चालू असतां कॅरे इकडे भाषांतराचीं मुद्रितें तपाशीत बसे. त्यानें तिला टाकली नाहीं, वेड्यांच्या इस्पितळांतही धाडली नाहीं, हें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. तथापि त्याच्या कार्याची सर्वांत जड किंमत जिनें दिली, तिला कोणीं मनापासून विचारलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

त्या काळीं ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखांत मिशनऱ्यांना थारा देत नसे. म्हणून 1800 च्या जानेवारींत कॅरे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर या डेन्मार्कच्या ठाण्यांत गेला. तेथें जमलेली मंडळी पाहण्यासारखी आहे. जोशुआ मार्शमन हा विणकराचा मुलगा आणि शिक्षक, विल्यम वॉर्ड हा मुद्रक, आणि कॅरे हा जोडे शिवणारा. त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा घेणारा बंगाली कृष्ण पाल हा सुतार. आणि ज्याच्यावांचून त्यांचा छापखाना मुकाच राहिला असता, तो पंचानन कर्मकार हा लोहार जातीचा कारागीर. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखालीं तो ठसे कोरण्यास शिकला होता. त्यानें व त्याच्या जांवयानें, मनोहरानें, अनेक देशी लिप्यांचे खिळे तयार केले. इंग्लंडांत सिडने स्मिथ या विनोदी लेखकानें या मंडळींना ‘दीक्षा घेतलेले मोची’ म्हणून हिणवलें. टोमणा चांगला होता. परंतु कारागिराचा हात काय करूं शकतो, हें त्या लेखकाला ठाऊक नव्हतें.

1801 मध्यें कॅरेला फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली शिकविण्यास नेमलें. पुढें संस्कृत व मराठी हे विषयही त्याच्याकडे आले. आरंभीं महिना 500 रुपये आणि मागाहून 1,000 रुपये वेतन मिळे. त्यांतील अगदीं थोडा भाग स्वतःसाठीं ठेवून बाकी सर्व तो श्रीरामपूरच्या सामाईक खजिन्यांत टाकी. मराठीसाठीं त्याला गुरु लाभले ते वैजनाथ पंडित. त्यांच्या साहाय्यानें कॅरेनें 1805 सालीं मराठीचें व्याकरण आणि 1810 सालीं मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशांतील मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. बाळबोधीपेक्षां मोडी हीच व्यवहाराची लिपि, हें त्यानें ओळखलें होतें. त्याच 1805 सालीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें खोदून गीता छापली गेली. एकीकडे पत्र्यावर कोरलेलें अखंड पान, दुसरीकडे पुनःपुन्हां जुळवितां येणारे सुटे खिळे. मराठी मुद्रणाचा पुढचा मार्ग दुसऱ्या पद्धतीनें आंखला गेला.

श्रीरामपूरच्या मराठीचे दोषही सांगितले पाहिजेत. बंगालमध्यें बसून, एका पंडिताच्या तोंडची भाषा ऐकून केलेलें मराठी बायबल मुंबईकडच्या लोकांना परकें वाटलें. 1813 मध्यें मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं नवें भाषांतर हातीं घेतलें आणि 1826 मध्यें त्यांचा नवा करार निघाला. कॅरेच्या कोशालाही 1831 मध्यें मोल्सवर्थच्या कोशानें मागें टाकलें. परंतु पहिली पायवाट पाडणाऱ्याची वाट वांकडी असायचीच.

11 मार्च 1812 रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, आणि अनेक वर्षें खपून केलेलीं हस्तलिखितें एका रात्रींत गेलीं. राखेंत पोलादी ठसे शाबूत सांपडले. वितळलेली धातू गोळा करून कारागिरांनीं नवे खिळे ओतण्यास प्रारंभ केला, आणि कॅरे भाषांतराचें पहिलें पान पुन्हा लिहूं लागला. फाटलेला जोडा टाकून न देतां सांधायचा, ही त्याच्या मूळ धंद्याची रीत. आपल्याला चिकाटीनें रेटीत राहणें एवढेंच येतें, असें तो स्वतःविषयीं पुतण्याला सांगत असे.

पुढें 1829 च्या डिसेंबरांत सतीबंदीचा कायदा निघाला. त्याचें बंगालींत भाषांतर करण्याचें काम कॅरेकडे आलें तो रविवार होता. दिरंगाईनें एखादी बाई जळूं नये म्हणून त्यानें त्या दिवशींचा उपदेश दुसऱ्यावर सोंपविला आणि पंडितासह संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें. धर्मोपदेशकानें उपासनेच्या दिवशीं हें काम श्रेष्ठ मानलें, यांत त्याच्या धर्माचें मर्म दिसतें.

9 जून 1834 रोजीं श्रीरामपुरास त्याचें देहावसान झालें. त्याच्या मतांशीं आपण सहमत असूं वा नसूं. धर्मांतराच्या त्याच्या उद्देशाविषयीं पुष्कळांचा आक्षेप होता आणि तो विचारांत घेण्याजोगाही आहे. परंतु मराठीचा छापील कोश उघडतांना वैजनाथ पंडित, पंचानन व मनोहर, आणि आरी खालीं ठेवून शब्द वेंचावयास बसलेला हा परका कारागीर, या सर्वांचें ऋण आपण मान्य केलें पाहिजे. आणि त्यांच्याबरोबर, शेजारच्या खोलींतील त्या दुर्दैवी बाईचीही आठवण ठेवली पाहिजे.