कर्करोगातील कावीळ आणि स्टेंटचा दिलासा

स्टेंट म्हटले की हृदयाची रक्तवाहिनी आठवते. परंतु स्वादुपिंड, पित्ताशय वा पित्तनलिकेच्या कर्करोगात पोटातील बंद झालेला मार्ग मोकळा करण्यासाठीही स्टेंट वापरतात. गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी नसते, तेव्हा रुग्णाचा त्रास कमी करणे हा या उपचाराचा हेतू असतो. त्याने कर्करोग बरा होत नाही, याची कल्पना रुग्णाला व नातेवाइकांना आधीच असायला हवी.

यकृतात तयार होणारे पित्त पित्तनलिकेवाटे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये येते. गाठीने नलिका दाबली गेली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद व शौच पांढरट होते, अंगाला असह्य खाज सुटते. ही कावीळ आपोआप ओसरत नाही. झाडपाल्याच्या औषधात मात्र मोलाचे आठवडे वाया जातात.

'ईआरसीपी' पद्धतीत तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट बसवतात. जर्मनीत डॉ. निब सोहेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. प्लास्टिकचा स्टेंट सुमारे ३ मिलिमीटर रुंद असतो. तो स्वस्त असला तरी साधारण ३ महिन्यांत तुंबतो व बदलावा लागतो. धातूच्या जाळीचा स्टेंट आत उलगडून १० मिलिमीटरपर्यंत रुंद होतो. तो महाग, पण अधिक काळ टिकणारा असतो.

गाठीने ड्युओडेनमच बंद झाल्यास खाल्लेले अन्न उलटून पडते. तेथे धातूचा स्टेंट बसवल्यावर बहुतेक रुग्ण काही दिवसांतच द्रव व मऊ आहार घेऊ शकतात. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २ महिने वा अधिक आयुष्य अपेक्षित असल्यास जठर थेट पुढील आतड्याला जोडणारी शस्त्रक्रिया अधिक टिकाऊ ठरते. त्याहून कमी असल्यास स्टेंट सोयीचा. दोन्ही मार्ग बंद असल्यास शक्यतो आधी पित्तनलिका मोकळी करतात, कारण ड्युओडेनममधील जाळीमुळे नलिकेचे तोंड झाकले जाऊ शकते. दुर्बीण पोहोचत नसेल, तर त्वचेतून यकृतात सुई घालून पित्ताला वाट करून देता येते.

ड्युओडेनममध्ये स्टेंट असलेल्यांनी पालेभाज्यांचे देठ व चोथायुक्त पदार्थ टाळावेत, घास नीट चावून खावा. पित्तनलिकेत स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला किंवा कावीळ परतली, तर स्टेंट तुंबून जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.